मॉरिशसचे मंत्रिमंडळ आणि अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी

पुणे शहराच्या परिसरातील दोन स्थळे बौद्ध समाजाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहेत. देहूरोड येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यापूर्वी बावीस वर्षे, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, येरवड्याच्या कारागृहात पुणे करारावर सह्या झाल्या. पहिल्या स्थळी आम्ही कृतज्ञतेने जातो; दुसऱ्याचा उल्लेख होताच मनात एक जुना प्रश्न उभा राहतो. राखीव जागेवरून निवडून जाणारा प्रतिनिधी नेमका कोणाचा? ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांचा, की ज्यांच्या मतांवर तो निवडून आला त्यांचा? २००८ च्या पुनर्रचनेत पिंपरी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि २००९ पासून हा प्रश्न येथील कामगार वसाहतींच्या दारातच येऊन बसला आहे.

या प्रश्नाचे एक निराळे उत्तर हिंदी महासागरातील एका लहानशा बेटाने शोधले. मॉरिशस हे ते बेट. आकाराने ते पुणे जिल्ह्याच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढे, आणि लोकसंख्या बारा लाखांच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचीच लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे होती. एवढ्याशा भूमीवर भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती, चिनी, आफ्रिकी आणि फ्रेंच वंशाचे लोक एकाच संसदेत बसतात, निवडणुकीने सरकारे बदलतात आणि पराभूत पंतप्रधान निमूटपणे पायउतार होतो. आमच्याकडे मॉरिशसविषयी लिहिले जाते ते बहुधा तेथील गणेशोत्सवाविषयी, किंवा १९९१ साली तेथे भरलेल्या जागतिक मराठी परिषदेविषयी. तेथील राज्यघटनेत अल्पसंख्याकांसाठी काय तरतूद आहे, याची चर्चा मराठीत क्वचितच आढळते. आंबेडकरी अभ्यासकाला खरे कुतूहल वाटावे ते याच तरतुदीचे.

प्रथम या समाजाची घडण पाहू. डच लोकांनी सोडून दिलेल्या या बेटावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी हक्क सांगितला आणि आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणून ऊसमळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. पण मळे, भाषा आणि कायदे फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहू दिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. त्याच सुमारास, १८३४ पासून, गुलामांची जागा घेण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला होता. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा ठरविले. बहुसंख्य मजूर कलकत्त्याच्या बंदरातून गेले, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सर्वांत थोडे मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकण आणि देशावरील मराठी माणसे होती. कारकुनाने कानावर पडलेले नाव फ्रेंच वळणाने लिहिले, बापाचे नाव हेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, आणि चौथ्या-पाचव्या पिढीत घरातली भाषा क्रिओल झाली. तरीही मराठी म्हणून या मंडळींची ओळख टिकली आहे. शाळांतून मराठी शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च अध्यापन होते.

मजुरांच्या नोंदवह्यांत जातीचा रकाना होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. या नोंदवह्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. मुंबई इलाख्यातून गेलेल्या माणसांचे जातवार टिपण कोणी तरुण संशोधकाने केले तर ते मोलाचे काम होईल. एकाच जहाजावर एकाच भांड्यातले अन्न खाल्ल्याने जात बुडाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. शिवाशिवीचे आणि बलुत्याचे बंधन खरोखरच गळून पडले. कारण गावगाडाच उरला नाही. तथापि जात संपली नाही. बर्टन बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉरिशसमधील हिंदूंत विवाह आणि सभासंस्था यांच्या संदर्भात जातीचे भान कायम असल्याचे दाखविले आहे. श्रमिक जातींतील लोकांनी तेथे आर्य समाजातून वेगळे होऊन आर्य रविवेद प्रचारिणी सभा काढली. ज्या चळवळीने समतेचे आश्वासन दिले तिच्यातूनही वेगळे व्हावे लागले, हा अनुभव समुद्रापलीकडे जाऊनही सुटला नाही.

आता मताधिकाराकडे वळू, कारण सगळ्या राजकारणाचे मूळ तेथे आहे. १८८५ च्या घटनेने काही प्रतिनिधी निवडून देण्याची मुभा दिली, पण मतदार होण्यासाठी मालमत्तेची किंवा उत्पन्नाची अट होती. लोकसंख्येच्या शेकडा दोन-तीन माणसांनाच मत होते. उसाच्या शेतात राबणारा मजूर त्यात कोठून येणार? भारतीय वंशाचे पहिले दोन प्रतिनिधी १९२६ मध्ये निवडून आले, तेही सधन वर्गातले. डॉ. मॉरिस क्युरे यांनी १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये मळ्यांवर दंगे उसळले. १९४३ च्या सप्टेंबरात बेल वू आरेल येथे संपकऱ्यांवर गोळीबार झाला आणि अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री त्यात मारली गेली. तिचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते.

या रक्ताची परिणती १९४७ च्या नव्या घटनेत झाली. बेटावरील भाषांपैकी एखाद्या भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषास मताधिकार मिळाला. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून एकदम सत्तर हजारांच्या पुढे गेली. ही उडी आपोआप पडली नाही. बासदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी रात्रीच्या वर्गांतून मजुरांस अक्षरे गिरवावयास शिकविली, आणि त्या अक्षरांच्या बळावर मळेवाल्यांची सत्ता हलली. 'शिका' हा बाबासाहेबांच्या संदेशातील पहिला शब्द इतक्या सरळ रीतीने मतपेटीपर्यंत पोहोचल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

पण १९४८ च्या त्या निवडणुकीने दुसरा प्रश्न उभा केला. हिंदू उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले आणि मुस्लिम उमेदवार एकही आला नाही. कालपर्यंत दडपलेला समाज आज बहुसंख्य म्हणून सत्तेच्या उंबरठ्यावर आला, आणि मुस्लिम, क्रिओल व चिनी समाजांस भय वाटू लागले. पीडित समाज बहुसंख्य असेल तर लोकशाहीत त्याची मुक्ती तुलनेने सोपी असते. मॉरिशसच्या मजुरास ती मिळाली. आमची स्थिती तशी नव्हती आणि नाही; म्हणून मॉरिशसमधील हिंदू मजुराच्या विजयाशी आमचे नाते जडते तितकेच, किंबहुना अधिक, तेथील लहान समाजांच्या भयाशी जडते.

बाबासाहेबांनी हे भय फार आधी नेमक्या शब्दांत मांडले होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील साक्षीपासून त्यांचा विचार एका सूत्राने चालला आहे, जरी मागणीचे रूप परिस्थितीनुसार बदलत गेले. १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात प्रौढ मताधिकारासह संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा मागितल्या होत्या. मुंबईच्या विधिमंडळात १४० पैकी २२ जागा. गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघाची मागणी झाली. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ती मान्य केली आणि दोन मतांचा अधिकार दिला, एक आपल्या माणसासाठी आणि एक सर्वसाधारण जागेसाठी. पुणे कराराने जागा वाढवून १४८ केल्या, पण ते दुसरे मत गेले. त्याऐवजी प्राथमिक निवडणूक आली. अस्पृश्य मतदारांनी चार जणांची निवड करावयाची, आणि त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकास निवडावयाचे. दहा वर्षांच्या मुदतीची ही प्राथमिक निवडणूकही पुढे उरली नाही. आज राखीव मतदारसंघात उमेदवार अनुसूचित जातीचा असला म्हणजे पुरे. त्याला तिकीट कोणी दिले आणि मते कोणाची पडली, याचा कायद्याशी संबंध नाही.

येथे एक विधान निर्भीडपणे करणे भाग आहे. बौद्ध देश म्हणून ज्या सिंहलद्वीपाकडे आम्ही आपुलकीने पाहतो, त्याचा या बाबतीतील इतिहास शोचनीय आहे. १९३१ च्या डोनोमोर घटनेने श्रीलंकेस प्रौढ मताधिकार दिला आणि जातीय मतदारसंघ रद्द केले. कागदावर ही मोठीच प्रगती होती. पण १९३६ मध्ये जे मंत्रिमंडळ बनले त्यातील सर्व मंत्री सिंहली होते. तमिळांस एकही स्थान मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ आणि १९४९ च्या कायद्यांनी चहामळ्यांतील लाखो भारतीय तमिळ मजुरांचे नागरिकत्व व मत हिरावून घेतले. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले तेव्हा हे कायदे ताजेच होते. १९५६ मध्ये केवळ सिंहली ही राजभाषा करण्यात आली आणि पुढचा रक्तरंजित अध्याय सुरू झाला. एकाच साम्राज्याच्या दोन बेटांवर मळ्यांत राबणारी माणसे एकाच देशातून गेली. मॉरिशसमध्ये त्यांची मुले पंतप्रधान झाली आणि श्रीलंकेत ती परकी ठरली. फरक संख्येचा होता, तसाच घटनेचाही होता. बहुसंख्य समाज बौद्ध आहे एवढ्याने तो न्यायी ठरत नाही.

विनयपिटकातील एक गोष्ट या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. संघातील वाद मिटविण्याच्या सात उपायांत येभुय्यसिका, म्हणजे बहुमताने निर्णय, हा एक उपाय आहे. त्यासाठी शलाका वाटल्या जात. शलाका वाटणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी वाकडी वाट न धरणारा असावा आणि कोणत्या शलाका घेतल्या गेल्या, कोणत्या नाहीत, हे जाणणारा असावा, असा नियम आहे. बहुमताचा कौल धम्माच्या विरुद्ध जात असेल तर तो तसाच स्वीकारावा, असे मात्र विनय म्हणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या मतदानपद्धतीचा गौरवाने उल्लेख केला, तो वाचताना पुष्कळांस केवळ प्राचीनत्वाचा अभिमान वाटतो. डोकी मोजण्याच्या आधी आणि नंतर न्यायाची काळजी घेणारी एक यंत्रणा लागते, हे त्यातील मर्म अधिक महत्त्वाचे आहे.

मॉरिशसने अशी एक यंत्रणा घडविली. १९५७-५८ च्या ट्रस्टराम ईव्ह आयोगाने स्वतंत्र मतदारसंघ नाकारले, चाळीस एकसदस्य मतदारसंघ आखले आणि लहान समाजांस पुरेशा जागा न मिळाल्यास राज्यपालाने काही सदस्य नेमावेत, असे सुचविले. १९५९ मध्ये प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली. मजूर पक्षाचे नेते डॉ. शिवसागर रामगुलाम यांनी अब्दुल रझाक मोहमद यांच्या मुस्लिम कृती समितीशी युती केली. १९६५ च्या लंडन परिषदेत स्वातंत्र्याचा मार्ग ठरला. त्याची किंमत म्हणून चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्यात आला; ती निराळी आणि दुःखद कथा आहे. १९६६ मध्ये बॅनवेल आयोग आला आणि त्याच्या शिफारशींवर तंटा झाल्यावर इंग्रज मंत्री जॉन स्टोनहाउस यांनी तडजोड घडवून आणली. तीच आजतागायत चालू आहे.

ती अशी. बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य. रॉड्रिग्ज या लहान बेटातून दोन. एकूण बासष्ट. मतदाराला तीन मते असतात आणि तिन्ही द्यावीच लागतात, नाहीतर मतपत्रिका बाद होते. त्यामुळे पक्ष आपल्या तीन उमेदवारांत निरनिराळ्या समाजांची माणसे घालतात. निकालानंतर जास्तीत जास्त आठ अधिक जागा भरल्या जातात, त्या पराभूत उमेदवारांतून. यासच सर्वोत्तम पराभूताची पद्धत म्हणतात. घटनेने समाज चार मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि जीवनपद्धतीवरून या तिन्हींत न बसणारे सर्व ते 'सर्वसाधारण लोकसंख्या'. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या निवडून आलेल्या जागा अधिक एक या संख्येने भागतात. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो समाज सर्वांत उपेक्षित. त्याच्या सर्वाधिक मतांनी पडलेल्या उमेदवाराला जागा मिळते. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. सव्वा लाखाच्या समाजाचे चार प्रतिनिधी आले, तर पाचाने भागून पंचवीस हजार येतात. चार लाखांच्या समाजाचे एकोणचाळीस आले, तर चाळीसने भागून दहा हजार. साहजिकच पहिली जागा पहिल्या समाजाकडे जाते. पहिल्या चार जागा केवळ समाज पाहून दिल्या जातात. उरलेल्या चार देताना पक्षांमधील तोल, पहिल्या चार जागांमुळे ढळला असल्यास, पूर्ववत केला जातो. १९६७ च्या ऑगस्टमधील निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीस ३९ आणि विरोधी मॉरिशियन सोशल डेमोक्रॅटिक पक्षास २३ जागा मिळाल्या. आठ जागा भरल्यावर हे प्रमाण ४३ व २७ झाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये मुस्लिम व क्रिओल समाजांत दंगल होऊन इंग्रज सैन्य बोलवावे लागले होते, हे लक्षात घेता ही तडजोड केवढ्या धास्तीच्या वातावरणात उभी राहिली, याची कल्पना येते.

या पद्धतीत राखीव मतदारसंघ नाही आणि स्वतंत्र मतदारसंघही नाही. सर्वांनी सर्वांना मते द्यावीत. अन्याय झालाच तर तो मतमोजणीनंतर दुरुस्त करावा. पुणे कराराने आमच्या माणसास बहुसंख्याकांच्या पसंतीवर निवडून यावयास लावले. मॉरिशसमध्ये बहुसंख्याकांनी नाकारलेला माणूसही लोकसभेत जाऊ शकतो, आणि आम्हांस या पद्धतीचे हेच सर्वांत मोठे आकर्षण वाटते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते पराभूत झाले. ही आठवण ज्यांच्या मनात आहे त्यांस अधिक स्पष्टीकरण नको.

मात्र या पद्धतीत पक्षाची पकड ढिली होत नाही. अधिकच्या जागेसाठी उमेदवार नोंदणीकृत पक्षाचाच असावा लागतो, आणि त्याचे तिकीट पक्षच ठरवितो. आणखी एक उणीव मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. घटनेच्या 'हिंदू' या रकान्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी सर्वच येतात. मराठी समाज इतका लहान आहे की एकाही मतदारसंघात तो निर्णायक नाही, आणि सर्वोत्तम पराभूताची जागा त्याला मराठी म्हणून मिळू शकत नाही. हिंदूंतील खालच्या मानल्या गेलेल्या जातींचेही तसेच. म्हणून या लहान गटांचे सारे राजकारण पक्षाच्या तिकिटाभोवती आणि मंत्रिपदाभोवती फिरते. पंतप्रधान आपले मंत्रिमंडळ बनविताना एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी, अमुक जातीचा एक, असा हिशेब मांडतो. त्याच्यामागे कायद्याचे बंधन नाही, केवळ रिवाज आहे. सत्तर जणांच्या सभागृहात पंतप्रधान धरून पंचवीसच्या आसपास मंत्री असतात, म्हणजे दर तीन सदस्यांत एकाहून अधिक. आमच्याकडे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या शेकडा पंधरावर रोखली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे ४३. मॉरिशसमध्ये तो आकडा इतका मोठा राहतो, त्याचे एक कारण प्रत्येक समाजाची खुर्ची सांभाळावी लागते हे आहे.

बाबासाहेबांस असा मंत्री पुरेसा वाटला नसता. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी मंत्रिमंडळाचीच रचना निराळी सुचविली होती. पंतप्रधानावर संपूर्ण सभागृहाचा विश्वास असावा. अल्पसंख्याकांचा मंत्री त्या त्या अल्पसंख्याक समाजाच्या सदस्यांनी निवडलेला असावा. आणि बहुसंख्याकांचे मंत्री संपूर्ण सभागृहाने निवडावेत. म्हणजे बहुसंख्याकांचा मंत्री अल्पसंख्याकांसही मान्य असावा आणि अल्पसंख्याकांचा मंत्री बहुसंख्याकांच्या मर्जीतला नसावा. त्यापूर्वी ६ मे १९४५ रोजी मुंबईस शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी याहून पुढची गोष्ट सांगितली होती: कोणत्याही एका समाजाचे विधिमंडळात निर्भेळ बहुमत होऊ नये, केवळ सापेक्ष बहुमत असावे. मॉरिशसच्या रिवाजात मराठी मंत्री असतो, पण त्याला मंत्री करणारा मराठी समाज नसतो. मुंबईच्या मंत्रालयात बसणाऱ्या आमच्या मंत्र्यांविषयीही निराळे काय म्हणता येईल?

रिवाजाची मर्यादा पंतप्रधानपदावर स्पष्ट होते. स्वातंत्र्यापासून आजवर रामगुलाम पितापुत्र आणि जगन्नाथ पितापुत्र यांनीच ते पद भूषविले, एक अपवाद वगळता. १९६९ मध्ये मॉरिशियन लढाऊ चळवळ हा पक्ष काढणाऱ्या, फ्रेंच वंशाच्या पॉल बेरांजे यांच्याकडे सप्टेंबर २००३ मध्ये ते आले, तेही आधी झालेल्या कराराने, दोन वर्षांसाठी. दोन घराण्यांचे चौघेही एकाच, वैश नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातिगटातील. वंशभेद मोडून वर्गलढा उभारू म्हणणाऱ्या बेरांजे यांच्या पक्षाने १९८२ मध्ये मित्रपक्षासह मुख्य बेटावरील साठही जागा जिंकल्या होत्या. स्वतः रामगुलाम पडले. विरोधी बाकावर कोणी उरलेच नसते. सर्वोत्तम पराभूताच्या जागांमुळे चार जण आले, आणि त्यांतील गाएतां द्युवाल विरोधी पक्षनेते झाले. समाजांसाठी केलेली तरतूद लोकशाहीलाच उपयोगी पडली. १९९५ मध्ये पुन्हा साठही जागा एका बाजूस गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तसेच घडले आणि तेव्हाही विरोधी पक्षनेता याच वाटेने सभागृहात आला.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख आम्ही लिहावयास घेतला त्याकडे येतो. मॉरिशसमध्ये उमेदवारी अर्जावर आपला समाज कोणता, हे लिहावे लागते. शेवटची समाजवार गणना १९७२ ची. त्यानंतरच्या जनगणनांत तो प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून जागांचा हिशेब अजून त्याच आकड्यांवर होतो. २००५ च्या निवडणुकीत रेझिस्तांस एक आल्टर्नातीव या लहान डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी तो रकाना भरण्यास नकार दिला. त्यांचे अर्ज बाद झाले. ते न्यायालयात गेले, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीने निर्णय दिला की, जुनाट आकड्यांच्या आधारे समाज जाहीर करण्याची सक्ती हा निवडणूक लढविण्याच्या हक्काचा भंग आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती एका तात्पुरत्या कायद्याने ही सक्ती उठली आणि २०१९ मध्ये परत आली.

अर्जातील हा रकाना बौद्ध वाचकास परका नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, म्हणून अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, अशी हरकत पराभूत पक्षाने घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये निकाल मेश्राम यांच्याविरुद्ध लागला. एखाद्या धर्माचा उघड स्वीकार जाहीर करणे म्हणजेच तो धर्म मानणे, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि १९५० च्या आदेशानुसार बौद्ध मनुष्य अनुसूचित जातीचा ठरत नव्हता. ज्याने धम्म प्रामाणिकपणे जाहीर केला त्याची जागा गेली. ज्याने कागदावर जुना धर्म ठेवला त्याची राहिली. १९५६ पासून चौतीस वर्षे आमच्या समाजातील राजकीय कार्यकर्ता या पेचात होता. विहारात एक नाव आणि अर्जावर दुसरे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला तेव्हा तो पेच सुटला. पण त्या चौतीस वर्षांत किती माणसे कागदासाठी गप्प राहिली, याचा हिशेब कोणत्याही भागाकाराने निघणार नाही.

म्हणून मॉरिशसमधील वाद वाचताना आमची सहानुभूती दोन्ही बाजूंस जाते. समाजाचा रकाना काढून टाका, म्हणणारे तरुण माणसाला जन्माच्या पेटीतून मोकळे करू पाहतात. रकाना ठेवा, म्हणणारा मुस्लिम किंवा क्रिओल आपले १९४८ आठवतो. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलिस कोठडीत मरण पावला आणि बेटभर दंगली उसळल्या. 'सर्वसाधारण लोकसंख्या' या नावाखाली गुलामांच्या वंशजांचे दुःख कसे दिसेनासे होते, हे तेव्हा कळले. गोऱ्या मळेवाल्याचा वंशज आणि गुलामाचा वंशज एकाच रकान्यात असले, तर रकाना भरला जातो आणि गुलामाचा वंशज रिकामाच राहतो. न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची काही जोड सुचविली होती. मोठ्या पक्षांनी तिला दाद दिली नाही. आमचे मत असे की, मोजणी थांबविणे हा उपाय नव्हे. जे मोजले जात नाही त्याचा अन्यायही मोजला जात नाही. भारतात १९३१ नंतर सर्व जातींची गणना झाली नाही आणि इतर मागासवर्गाचा प्रत्येक हिशेब अंदाजावर चालला. पुढील जनगणनेत जात नोंदविण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. मॉरिशसने १९७२ चे आकडे पन्नासहून अधिक वर्षे गोठवून ठेवले, हाच तेथील पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा आहे.

२००५ मध्ये अर्ज बाद झालेल्या त्या लहान पक्षाचे नेते अशोक सुब्रोन नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.